घाटकोपरहून फाइव्ह नाइन

पारा काचेला चिकटत नाही.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात अजूनही हाताने ट्रान्सफॉर्मर गुंडाळून मिळतो.

दोनच केळी मागितली की फळवाला आता विचारत नाही, एवढ्यात काय होणार.

सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न: गच्चीवरून गेलेली लांब तार कुणाची? तिच्यावर कबुतरं बसतात. खाली बरेच अंगठे.

फ्रिज, पाण्याचा पंप, कोपऱ्यावरचा विजेचा डबा, गिरणीतला ट्यूबलाइट. सगळे एकाच खालच्या सुरात घरघरतात. जोगेश्वरीत जो सूर, तोच मुलुंडला.

‘सेम टू यू,’ दशरथ म्हणाला होता.

उभा ठेवा. आडवा करू नका. हलवलात तर थांबा.

*

तर ही पद्मजा मयेकर. जोगेश्वरी पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, एकटी. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणारी माणसंही एकेक करून गेली. तिच्याकडे घरून बिनतारी बोलायचा सरकारी परवाना आहे. असा परवाना असलेल्यांना हॅम म्हणतात. गच्चीवरची तार तिचीच.

तिचा ट्रान्समीटर म्हणजे कमरेएवढं लोखंडी कपाट. तिने स्वतः बांधलेलं. कपाटाच्या खालच्या खणात दोन व्हॉल्व्ह उभे असतात. काचेचे, वीतभर उंच, पोटात पाऱ्याचा थेंब. घरातली वीज सारखी पुढे-मागे वाहते, तिला एकाच दिशेने वाहायला लावायचं, एवढंच त्यांचं काम. पुढे जाताना एक वाहतो, मागे येताना दुसरा. वाहताना पाऱ्याची वाफ निळी पेटते. कपाटाला पद्मजाने खिडकीसारखी काच बसवली आहे, त्यातून तो उजेड फरशीवर पडतो. जगातल्या बहुतेक लोकांनी असले व्हॉल्व्ह केव्हाच मोडीत काढले. त्यांच्या जागी नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा बसतो, तो तापत नाही, पेटत नाही, तक्रारही करत नाही.

रोज सकाळी, दुसऱ्या चहानंतर, चार जण हवेत भेटतात. मुलुंडहून चंद्रप्रकाश, तो सगळ्यांना ओळीने बोलायला बोलावतो. बोरिवलीहून किरण, चौघांत तरुण, म्हणजे पंचेचाळिशीचा. मग जोगेश्वरीहून पद्मजा. शेवटी घाटकोपरहून दशरथ वानखडे. प्रत्येकाने आधी बाकीच्यांचा आवाज कसा येतो ते सांगायचं. फाइव्ह म्हणजे शब्द न् शब्द कळतोय. नाइन म्हणजे सिग्नल भरपूर. फाइव्ह नाइन म्हणजे सगळं झकास. मग उकाडा, पाणी, मेट्रोचं खोदकाम, आणि निरोप.

पूर्वी पंधरा-वीस जण असायचे. आणि तेव्हा एक रीत होती. कुणाचा सेट बंद पडला की दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या दारात उभं. फोन न करता. खांद्याला पिशवी, पिशवीत सोल्डरिंगची काडी, मीटर, दोन-चार सुटे भाग. दुरुस्ती तासाभराची, पण माणूस जेवूनच जायचा. पद्मजाकडे नेहमी दशरथच यायचा. तो बसच्या डेपोत इलेक्ट्रिशियन होता, मूळचा अकोल्याकडचा, आणि त्याचा कान असा की घाटकोपरला बसून तो पद्मजाचा व्हॉल्व्ह किती दिवस टिकेल ते सांगायचा. ‘पद्मजा, तुझा एक जण थकलाय गं,’ असं हवेतून म्हणायचा आणि पिशवी घेऊन हजर व्हायचा.

करोनानंतर तो एकदाही आला नव्हता. कुणीच आलं नव्हतं. सेट हल्ली बिघडतच नाहीत, कारण पद्मजा सोडून सगळ्यांनी तयार विकतचे घेतले. आणि पद्मजाचं कपाट काही केल्या बिघडत नव्हतं.

म्हणून तिने ते बिघडवलं.

*

लक्षण: घरघर

वीज बंद केली, साठलेला भार जमिनीत सोडला, आणि एका व्हॉल्व्हच्या डोक्यावरची तारेची टोपी काढून बाजूला अडकवली. बस. आता एकच व्हॉल्व्ह वाहणार. दोघं असले की घरघर बारीक असते आणि फिल्टर ती खाऊन टाकतो. एकच राहिला की घरघर खाली उतरते, जाडी होते, फिल्टरला पचत नाही, आणि बोलणाऱ्याच्या आवाजामागे जाऊन बसते. दशरथला पहिल्या वाक्यात कळणार.

तिने गोष्टही तयार ठेवली होती. कालपासून एकाचा उजेड फडफडत होता, मध्येच विझत होता, आज गेला. व्हॉल्व्ह मरताना असाच मरतो. दशरथ काय काय विचारेल आणि आपण काय काय सांगायचं, हे कांदे चिरताना तिने दोनदा घोकलं. उद्या लागतील म्हणून पोहे आणून ठेवले.

चंद्रप्रकाशने तिला बोलावलं. ती नेहमीसारखं बोलली, जरा जास्तच वेळ, म्हणजे सगळ्यांना नीट ऐकू यावं.

मध्येच शिरून किरण म्हणाला, ‘ताई, तुमच्या मागे कुणी म्हैस बांधलीय का? माझ्या स्क्रीनवर पन्नास हर्ट्झला असा खांब उभा राहिलाय.’

चंद्रप्रकाशने त्याला गप्प केलं आणि फिल्टरच्या कपॅसिटरवर सावकाश प्रवचन दिलं. ते संपल्यावर किरणने सांगून टाकलं, की ते दोन बल्ब फेकून द्या, त्याच साच्यात बसणारे सिलिकॉनचे तयार मिळतात, मी आजच कुरिअर करतो, तुम्हाला कुणाची वाट बघत बसायला नको. पद्मजाने आभार मानले आणि नको म्हटलं. ती एकाच माणसाच्या पाळीची वाट बघत होती.

दशरथ हवेत आला. आवाज तोच, जाड, घाई नसलेला.

‘पद्मजा, फाइव्ह नाइन. ऑडिओ एकदम झकास. इकडे उकाडा फार. सगळ्यांना सेव्हंटी थ्री.’

सेव्हंटी थ्री म्हणजे निरोप. झालं. चौघं आपापल्या घरी गेले, म्हणजे होते तिथेच राहिले.

पोहे तिने संध्याकाळी स्वतःच खाल्ले.

*

शक्य कारणं

पहिलं. त्याने ओळखलं. मरणारा व्हॉल्व्ह येत-जात मरतो, हिची घरघर पहिल्या शब्दापासून एकसारखी होती. टोपी काढलीय हे त्याला कळलं, आणि मला यायचं नाही हे त्याने चारचौघांत, कुणाला न कळेल असं, सांगून टाकलं.

ह्या कारणाने ती दुपारभर जळत राहिली. एवढ्या वयात एखाद्याला घरी बोलवायला आपण ट्रान्समीटर बिघडवतो, आणि तो माणूस ते ओळखून झकास म्हणतो. सरळ फोन करून ‘ये रे एकदा’ का नाही म्हटलं? नाही म्हटलं, कारण त्यांच्यात तसं कुणी म्हणत नसे. यायला काहीतरी बिघडावं लागे.

दुसरं. त्याचा नवा सेट. विकतचे सेट खालचे सूर गाळून टाकतात, फक्त माणसाच्या बोलण्याएवढी खिडकी उघडी ठेवतात. घरघर त्या खिडकीच्या खालून निघून गेली असेल. पण चंद्रप्रकाशचा सेटही तसलाच, आणि त्याला ती ऐकू आली होती. तरी सेटासेटात फरक असतो.

तिसरं.

तिसरं तिने तिथेच सोडलं आणि गॅसवर भात चढवला.

*

तपासायची पद्धत एकच असते, मग ते कपाट असो की काही असो. एकाच लक्षणाची दोन कारणं असली, तर असं काही करून बघायचं की एका कारणात एक उत्तर येईल आणि दुसऱ्यात दुसरं.

पद्मजाने टोपी परत बसवली. दोन्ही व्हॉल्व्ह निळे पेटले. मग तिने दुसरी खोडी केली. पाऱ्याचे व्हॉल्व्ह दर वेळी पेटताना एक बारीक चरचर उडवतात, ती अडवायला प्रत्येकाच्या डोक्याशी तारेची एक छोटी गुंडाळी असते. तिने दोन्ही गुंडाळ्या तारेने ओलांडून टाकल्या, म्हणजे वीज त्यांना टाळून जाईल. आता चरचर मोकळी. आणि ही चरचर खालच्या सुरातली नाही. गरम तेलात ओली भजी सोडावी तशी, बोलण्याच्या बरोबर मधोमध. कुठलाही सेट ती गाळू शकत नाही.

सकाळी ती बोलली आणि चंद्रप्रकाश चिडला. ताई, काल म्हशी, आज भजी, तुमचं चाललंय काय, असं त्याने विचारलं. किरणने भज्यांबरोबर चटणी आहे का विचारलं. पद्मजाने दोघांनाही धड उत्तर दिलं नाही.

दशरथ म्हणाला, ‘पद्मजा, फाइव्ह नाइन. ऑडिओ एकदम झकास.’

तेच शब्द. त्याच ओळीने. तिने काल ऐकले ते, परवा ऐकले ते, आणि आता मागे मागे जाऊन बघितलं तर कितीतरी महिने ऐकले ते.

*

दिवाळीत तिने हवेत सांगितलं होतं, ‘यंदा इकडे कुणीच नव्हतं. फराळही केला नाही.’

‘सेम टू यू,’ दशरथ म्हणाला होता.

बाकीचे दोघं पोट धरून हसले होते, आणि पद्मजाही. काय टायमिंग आहे ह्याचं, असं किरण म्हणाला होता. नंतर दिवसभर भांडी घासताना, कपडे वाळत टाकताना तिला ते आठवून हसू येत होतं. दिवाळीत तेवढंच हसायला झालं होतं.

*

तिसऱ्या सकाळी कपाट अगदी ठीक होतं. घरघर नाही, चरचर नाही. तिची पाळी आली तेव्हा तिने माइकजवळ तोंड नेलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,

‘दशरथ, माझ्या स्वयंपाकघरात बिबट्या शिरलाय. ओट्यावर बसलाय. काय करू?’

मग तिने बटण सोडलं. चंद्रप्रकाशने घाटकोपरला बोलावलं.

‘छान, छान,’ दशरथ म्हणाला. ‘इकडेही तसंच. पद्मजा, फाइव्ह नाइन, ऑडिओ एकदम झकास.’

किरण हसता हसता खोकायला लागला. आरेचं जंगल जवळ असल्याचा फायदा, असं म्हणून चंद्रप्रकाशही हसला. दशरथभाऊ म्हणजे दशरथभाऊ. पद्मजाने सेव्हंटी थ्री म्हटलं आणि वीज बंद केली. निळा उजेड गेला. व्हॉल्व्हमधल्या तापलेल्या तारांचा नारिंगी ठिपका थोडा वेळ राहिला, मग तोही.

त्याला आपली पाळी कशी कळते, हे शोधायला तिला वेळ लागला नाही. सेटवर सिग्नलचा काटा असतो. समोरचा बोलत असला की काटा वर, थांबला की खाली. प्रत्येकाचा काटा आपापल्या उंचीला जातो, म्हणून मध्ये कुणी शिरलं तरी कळतं. चंद्रप्रकाश माणसं रोज एकाच क्रमाने बोलावतो. मुलुंड, बोरिवली, जोगेश्वरी, घाटकोपर. तिसऱ्यांदा काटा पडला, चंद्रप्रकाशचा एक छोटा हेलकावा आला, की आपण. ऐकायची गरज नाही. मोजता आलं की झालं.

ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. बिबट्या असता तर बरं, असं तिला क्षणभर खरोखर वाटलं.

कारण हिशेब असा होता. किरण तिचं बोलणं स्क्रीनवर बघत असे. चंद्रप्रकाश तिचं बोलणं संपायची वाट बघत असे. दशरथ ऐकतो, एवढ्यावर तिची सकाळ उभी होती. घसा बसला, गुडघा धरला, गच्चीवरच्या तारेवरून सेक्रेटरीशी वाजलं, हे सगळं ती तिघांना सांगते असं दाखवून त्याला एकट्याला सांगत आली होती. ते सगळं घाटकोपरपर्यंत गेलं होतं. सिग्नल भरपूर होता. काटा हलत होता.

चंद्रप्रकाशला सांगावं असं एकदा तिच्या मनात आलं. पण तो लगेच हवेत सगळ्यांसमोर विचारपूस करणार, कानाच्या डॉक्टरांची नावं देणार, आणि दशरथला त्यातलं काही ऐकू जाणार नाही. तो छान छान म्हणेल. ते तिला ऐकवलं नसतं.

*

पाऱ्याचे व्हॉल्व्ह न्यायचे कसे

उभे. आडवे झाले की तळाचा पारा वर सांडतो, आतल्या पत्र्यावर, तारेवर, कुठेही जाऊन बसतो. तशात वीज दिली तर आतल्या आत उलटी ठिणगी उडते आणि व्हॉल्व्ह जातो, सोबत दोन-चार गोष्टी घेऊन जातो. पद्मजाने शेवयांचा उंच स्टीलचा डबा रिकामा केला, दोन्ही व्हॉल्व्ह पंच्यात गुंडाळून आत उभे केले, झाकण लावलं, आणि डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून रिक्षात बसली.

रिक्षावाल्याला तिने सांगितलं, खड्डा सांभाळून, हे हलता कामा नये. त्याने आरशात डबा बघितला, तिचं तोंड बघितलं, आणि गाणं बंद केलं. साकीनाक्याच्या सिग्नलला त्याने हलक्या आवाजात विचारलं, ‘घरचे होते का?’

ती काही बोलायच्या आत सिग्नल सुटला. घाटकोपरला उतरताना त्याने डब्याला हात जोडले. पद्मजाने मान हलवली.

दशरथचं घर बुद्धविहारामागच्या गल्लीत, नव्या इमारतीत. दार त्याची सून रुचिरा हिने उघडलं. तिने पद्मजाला फोटोवरून ओळखलं, आत घेतलं, पाणी दिलं, आणि आतल्या खोलीकडे बघत आवाज खाली आणला. बाबा हल्ली आमच्याशी बोलत नाहीत, असं ती म्हणाली. काही विचारलं तर उठून जातात. काय चुकलं तेही सांगत नाहीत. सकाळी तेवढं त्या रेडिओवर बोलतात, आणि तेव्हा बघा किती मजेत असतात. तुमच्यावर तरी राग नाही त्यांचा.

दशरथ खिडकीशी पाठ करून बसला होता. पद्मजा समोर जाऊन उभी राहिली तेव्हा त्याने वर बघितलं, आणि त्याचं तोंड असं उजळलं की तिला सगळं विसरून बसावंसं वाटलं.

‘तू? अगं कळवायचं तरी. बस. बस ना. गुडघा काय म्हणतो?’

गुडघ्याचं त्याला कुणी सांगितलं होतं? तिने बघितलं, तिची नजर त्याने पकडली आणि तो म्हणाला, ‘लंगडतेयस.’ आणि मग तो बोलतच सुटला. इमारतीचं, लिफ्टचं, नातवाचं. मध्ये जागाच ठेवत नव्हता. समोरच्याला प्रश्न विचारायला फट मिळू नये म्हणून माणूस जसा बोलतो तसा.

तिने डबा उघडून व्हॉल्व्ह दाखवले. तो एकदम थांबला. पंच्यातून एकेक काढून उजेडासमोर धरला, काच काळी पडलीय का बघितलं, तळाचा थेंब बघितला. मग पलंगाखालून त्याची चाचणीची फळी ओढली. लाकडी फळीवर दोन सॉकेट, त्याने स्वतः गुंडाळलेला छोटा ट्रान्सफॉर्मर, तारेचा अडथळा, काट्याचा मीटर आणि एक दाबायचं बटण. कमी दाबाची वीज, हात लागला तरी काही होणार नाही अशी. त्याने व्हॉल्व्ह बसवले आणि तारा तापायला लावल्या.

आता थांबायचं. रिक्षात हललेला पारा जागेवर परत यायला अर्धा तास तरी लागतो. त्याआधी बटण दाबायचं नाही.

अर्धा तास दोघं त्या नारिंगी तारांकडे बघत बसली. पूर्वी ह्या अर्ध्या तासात ती जगाच्या गप्पा मारत. पद्मजाने एकदा म्हटलं, रुचिरा चांगली आहे. दशरथ व्हॉल्व्हकडे बघत हसला आणि मान हलवली. तिने म्हटलं, दशरथ, माझ्याकडे बघ. तो व्हॉल्व्हकडेच बघत राहिला. चहा आला, कप वाजले, रुचिरा दारात थोडी रेंगाळून गेली.

‘हं,’ तो म्हणाला. ‘दाब.’

पद्मजाने बटण दाबलं. पहिला व्हॉल्व्ह निळा पेटला, शांत, काठोकाठ. दशरथने काटा बघितला. चांगला व्हॉल्व्ह वाहताना थोडीशीच वीज स्वतःसाठी ठेवून घेतो. थकलेला जास्त ठेवतो, काटा वर चढत जातो, आणि उजेड आत कुठेतरी घाबरल्यासारखा हलतो. काटा चढला नाही. उजेड हलला नाही. दुसऱ्याचंही तेच.

‘दोन्ही ठणठणीत आहेत,’ दशरथ म्हणाला. ‘मग बिघडलंय काय?’

तिने बटण सोडलं. उजेड विझला. मग पुन्हा दाबलं, लांब. पुन्हा लांब. आखूड. लांब.

‘अगं, असं नको करू, काटा वाकेल,’ तो म्हणाला, आणि त्याची नजर काट्यावरून काचेवर गेली.

आखूड, लांब, आखूड. काचेत निळं येत होतं आणि जात होतं. लांब, आखूड, लांब. आणि शेवटी प्रश्नचिन्ह. मोर्समध्ये, म्हणजे जुन्या तारयंत्राच्या लिपीत, ही तीन अक्षरं सगळ्या जगात एकच विचारतात: माझं बोलणं तुला कितपत कळतंय? उत्तर एक ते पाच मध्ये द्यायचं असतं. पाच म्हणजे सगळं. एक म्हणजे काहीच नाही.

दशरथने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, घातला.

‘पुन्हा पाठव,’ तो म्हणाला.

तिने पुन्हा पाठवलं. हात जड झाला होता, तरी तिने प्रत्येक अक्षर सुटं ठेवलं. बाहेर रुचिरा कुणाशी तरी फोनवर बोलत होती, ती आत कुणाला ऐकू जाईल अशी काळजी न करता बोलत होती.

‘वन,’ दशरथ म्हणाला.

थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘आधी उजवा गेला. मग डावा. वाटलं सेटच बिघडलाय, तो दोनदा उघडला मी.’ मग म्हणाला, ‘चंद्रप्रकाशला सांगू नकोस. तो पाळीतून काढेल.’

पद्मजाने बटण दाबलं, लांब-आखूड-लांब, एकच अक्षर. तुझी पाळी, बोल. पण त्याला आणखी काही बोलायचं नव्हतं. ती दोघं निळं विझलेल्या काचेकडे बघत राहिली. डॉक्टर, यंत्र, सुनेला सांगणं, हे सगळं तिच्या डोक्यात येऊन गेलं. त्यातलं एकेक अक्षर करून पाठवायचं म्हटलं तर संध्याकाळ झाली असती. मोर्समध्ये माणूस तेवढंच बोलतो जेवढं बोलायलाच हवं.

‘घरी सांग,’ असं तिने पाठवलं. रोमन अक्षरांत, सावकाश.

मग त्याने हात पुढे करून बटण तिच्याकडून घेतलं, जरा थांबला, आणि बोलता येत असूनही बोलला नाही. लांब, आखूड, मग ते थांबलं. नाही म्हणायचं होतं की बघतो म्हणायचं होतं, ते तिला त्या दोन चमकांवरून कळलं नाही, आणि त्याने पुढचं अक्षर दिलं नाही.

*

निघताना तिने व्हॉल्व्ह डब्यात ठेवले नाहीत. ठेव म्हणालाही नाही तो.

दुसऱ्या सकाळी पद्मजाच्या कपाटाच्या काचेत काही पेटलं नाही. ट्रान्समीटर बंद. ऐकायचा सेट तेवढा चालू. चंद्रप्रकाशने जोगेश्वरीला बोलावलं, पुन्हा बोलावलं, आणि ताईंचं काहीतरी मोठंच बिघडलेलं दिसतंय असं म्हणाला. किरणने विचारलं, सिलिकॉनचं पार्सल पाठवू ना आता तरी. मग घाटकोपरची पाळी आली. काटा एकदा कमी हलला होता, तरी दशरथ चुकला नाही.

‘पद्मजाचे व्हॉल्व्ह माझ्याकडे आहेत,’ त्याने सांगितलं. ‘एक वीक वाटतो. बघावं लागेल. वेळ लागेल. तिला यावं लागेल दोन-चारदा. बाकी सगळ्यांना फाइव्ह नाइन.’

‘दशरथभाऊ, तुमचा कान तो कान,’ चंद्रप्रकाश म्हणाला. ‘व्हॉल्व्हचं तुम्हीच ओळखायचं.’

दशरथने सेव्हंटी थ्री म्हटलं.

पद्मजा ऐकत होती. तिने रिकाम्या माइकचं बटण सवयीने दाबलं, आणि सोडलं. फ्रिज घरघरत होता. शेवयांचा डबा धुऊन ओट्यावर पालथा घातला होता. तिला उठून तयार व्हायला हवं होतं, पण ती थोडा वेळ तशीच बसली, कारण तिकडे जाऊन काय पाठवायचं हे अजून ठरलं नव्हतं, आणि तो घरी सांगेल की नाही, हेही.

दशरथ आणि पद्मजा यांची ओळख मोर्सवर झाली, आणि ती बाई आहे हे दशरथला कित्येक महिने माहीत नव्हतं.